खोटी चिठ्ठी

सर गेले त्याला महिना झाला. त्यानिमित्त आमच्या चर्चमध्ये सायंकाळी मिस्साबलिदान अर्पण करण्यात आले आणि त्यानंतर शाळेच्या सभागृहात माजी विद्यार्थ्यांची स्मरणसभा भरली. वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या मराठी शाळेत सरांनी २९ वर्षे इंग्रजी शिकवले. सभेला साठी उलटलेले आम्ही होतो, तसे चाळिशीतलेही होते. कोणी मुंबईहून, कोणी पुण्याहून आले होते. आखातातून रजेवर आलेला एक जण तर सामान घरी टाकून तसाच आला होता. सरांना शब्दांची काटकसर प्रिय होती. आमच्यापैकी एकाही वक्त्याने ती पाळली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सांगण्यासारखे होतेही पुष्कळ. घरी आम्ही कादोडी बोलत असू, शाळेत मराठी, आणि इंग्रजीशी गाठ पडे ती पाचवीत. पहिल्याच आठवड्यात सर प्रत्येकाला उभे करून वडिलांचा व्यवसाय इंग्रजीत सांगायला लावीत. 'माय फादर इज अ फार्मर' असे पहिला मुलगा म्हणाला आणि सारा वर्ग हसला. कारण आमच्या लेखी फादर एकच, चर्चमधले, आणि त्यांना केळीच्या वाडीत पाणी लावताना कोणी पाहिले नव्हते. सर हसले नाहीत. 'मान वर करून म्हण,' एवढेच म्हणाले. दुधाचे कॅन घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्याचा मुलगा, पानवेलीवाल्याचा मुलगा, गवंड्याची मुलगी, असे एकामागून एक उभे राहिले. जो तो मान वर करून म्हणेपर्यंत सर पुढच्याकडे वळत नसत. सभेत हा प्रसंग चौघांनी सांगितला. चौघांच्या वर्गांमध्ये मिळून वीस वर्षांचे अंतर होते.

त्यांच्या ओटीवर संध्याकाळी बसून गावातल्या निम्म्या घरांचे अर्ज लिहिले गेले. पासपोर्टचे, बँकेतल्या नोकरीचे, बोटीवरच्या नोकरीचे, आखातातल्या कंपन्यांचे. त्यासाठी त्यांनी कोणाकडून केळ्याचा घडसुद्धा घेतला नाही. दहावीच्या परीक्षेत इंग्रजीत गचकलेल्यांना ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी ते घरी बोलावून शिकवीत. यातली कोणतीही गोष्ट खोटी नाही.

मग माझी पाळी आली. मी माझ्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली.

१९७६ साल, मी नववीत. रजेची चिठ्ठी पालकांनी इंग्रजीत लिहावी असा सरांचा दंडक होता. पालकांना इंग्रजी येत नाही हे त्यांना ठाऊक होते. मुलाने लिहावी आणि पालकांनी सही करावी असा त्याचा अर्थ. मी मामेभावाबरोबर वसईला सिनेमा पाहायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मुलाला ताप होता अशी चिठ्ठी मीच लिहिली आणि खाली वडिलांची झोकदार इंग्रजी सही ठोकली. अडचण एवढीच होती की माझे वडील अंगठा करीत. गावच्या सोसायटीचे हिशेब सर तपासून देत असत, त्यामुळे तो अंगठा त्यांनी शंभरदा पाहिलेला होता. सरांनी चिठ्ठी वाचली, लाल पेन काढले, स्पेलिंगच्या दोन चुका दुरुस्त केल्या, सहीखाली 'गुड' लिहिले आणि कागद परत देत म्हणाले, 'वडिलांना सांग, त्यांचे इंग्रजी सुधारते आहे.'

सभागृह हास्याने भरून गेले. पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नीही पदराने डोळे टिपत हसत होत्या. मी खाली बसलो तेव्हा शेजाऱ्याने पाठीवर थाप मारली. घरी आल्यावर मात्र मला झोप लागली नाही. तिचे कारण पुढे सांगतो. कारण त्या रात्री मी कपाटातून एक पुस्तक काढले आणि प्रथम त्याविषयी सांगितले पाहिजे.

पुस्तकाचे नाव 'टीचर मॅन', लेखक फ्रँक मॅकोर्ट. लेखक म्हणून जगाला ते ठाऊक झाले १९९६ साली, 'अँजेलाज् अ‍ॅशेस' या बालपणाच्या आठवणींमुळे. पुढल्या वर्षी त्या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांनी वयाची ६६ वर्षे पुरी केलेली होती. तोपर्यंतचे त्यांचे आयुष्य न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवण्यात गेले होते. जन्म १९३० सालचा, न्यूयॉर्कमधलाच. परंतु आईवडील त्यांना लहानपणीच आयर्लंडला घेऊन गेले आणि लिमरिक शहराच्या चाळवस्तीत, दारिद्र्यात ते वाढले. बाप दारूत पगार उडवणारा, तीन भावंडे बालपणीच दगावलेली. कॅथॉलिक घर, कॅथॉलिक शाळा. वेदीसेवक होण्यासाठी लॅटिन उत्तरे पाठ करून गेलेल्या या मुलाला जागा नाही म्हणून परत पाठवले, आणि पुढील शिक्षणासाठी धर्मबंधूंच्या शाळेचे दार ठोठावले तेव्हा तेही बंद झाले. तेराव्या वर्षी शिक्षण संपले. आपल्या ख्रिस्तसभेविषयी त्यांनी लिहिलेली पाने कडू आहेत. लिमरिकमधल्या काहींना ती अतिशयोक्त वाटली; मला वाचताना त्रास झाला, पण पुस्तक खाली ठेवावेसे वाटले नाही.

१९४९ साली ते अमेरिकेला परतले. लष्करातल्या नोकरीमुळे मिळालेल्या सवलतीवर, माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र नसताना, विद्यापीठात शिरले आणि १९५८ साली स्टेटन आयलंड येथील एका व्यावसायिक शिक्षणाच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक झाले. पहिल्याच दिवशी एका मुलाने वर्गात सँडविच फेकले. काय करावे ते न सुचून या नव्या शिक्षकाने ते उचलले आणि खाऊन टाकले. उपाशी बालपण गेलेल्या माणसाला अन्न जमिनीवर पडलेले पाहवले नसावे. पुढे व्याकरण शिकायचे टाळण्यासाठी मुले त्यांना आयर्लंडच्या गोष्टी विचारीत आणि हे सांगत बसत. आपण पगार घेतो तो कशाचा, या विचाराने ते वर्षानुवर्षे अस्वस्थ असत, असे त्यांनीच लिहिले आहे.

याच शाळेत त्यांच्या ध्यानात आले की मेजाच्या खणात साठलेल्या पालकांच्या बहुतेक चिठ्ठ्या मुलांनीच लिहिलेल्या आहेत. एरवी जी मुले दोनशे शब्दांचा निबंध लिहिताना रडत, त्यांनी या खोट्या चिठ्ठ्यांत कल्पनाशक्तीची कमाल केलेली होती. शिक्षकांनी काय करावे? त्यांनी त्या चिठ्ठ्या नावे गाळून वर्गात वाचून दाखवल्या. मग वर्गाला सांगितले की तुम्हाला पुढे होणाऱ्या मुलासाठी रजेची चिठ्ठी लिहा. आणि त्याच्याही पुढे जाऊन, आदामाकडून देवाला किंवा हव्वेकडून देवाला एक चिठ्ठी लिहा. मुले माना खाली घालून लिहीत सुटली. नंतर यहूदाची चिठ्ठी झाली, अल कपोन या गुंडाची झाली. मुख्याध्यापक वरिष्ठ अधिकाऱ्यांना घेऊन वर्गात आले तेव्हा आता नोकरी जाणार असे यांना वाटले. झाले ते कौतुक.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी अशी चिठ्ठी लिहायला सांगितली, तर निम्मे पालक दुसऱ्या दिवशी फादरांच्या दारात उभे राहतील. परंतु उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे ते याहून निराळे काय आहे? आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो, स्त्री सर्पाकडे. मानवाने देवापुढे सादर केलेली ती पहिली सबब होय. सबब आणि कबुली यांत शब्द पुष्कळदा सारखेच असतात. फरक असतो तो बोट कोणीकडे वळले आहे एवढाच. ज्या मुलाने आदामाची सबब स्वतःच्या हाताने लिहिली असेल, त्याला स्वतःची सबब पुढे ओळखू आली नसेल का? म्हणून खोट्या चिठ्ठीला शिक्षा न करता तिचा धडा करणारा हा शिक्षक आठव्या आज्ञेला सैल होता, असे मला वाटत नाही.

मात्र ही समज त्यांना जन्मजात नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला वर्गात त्रास देणाऱ्या एका मुलाची तक्रार त्यांनी घरी कळवली. बाप तडक वर्गात आला, त्याने सगळ्यांसमक्ष मुलाला धरून भिंतीवर आपटले आणि पुन्हा असे केलेस तर याद राख, अशी धमकी देऊन निघून गेला. वर्ग शिक्षकाकडे पाहत राहिला. 'टीचर मॅन' मध्ये हा प्रसंग त्यांनी स्वतःला न वाचवता नोंदवला आहे. खणातल्या चिठ्ठ्या पुढे घरी का गेल्या नाहीत, याचे एक कारण मला या प्रसंगात दिसते. तो निष्कर्ष माझा, त्यांचा नव्हे.

१९७२ ते १९८७ ते स्टायव्हेसंट हायस्कूलमध्ये होते. ही न्यूयॉर्कची प्रवेशपरीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांची शाळा. इथले त्यांचे विद्यार्थी पुढे लेखक, पत्रकार, प्राध्यापक झाले. १९ जुलै २००९ रोजी मॅकोर्ट वारले तेव्हा त्यांनी सरांविषयी जागोजागी भरभरून लिहिले. पाककृतींची पुस्तके वर्गात वाद्यांच्या साथीवर मोठ्याने वाचण्याचा त्यांचा खेळ आज जगाला ठाऊक आहे. पुढील वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाने शाळाही निघाली. पण स्टेटन आयलंडवरची ती पहिली मुले, जी पुढे नळ दुरुस्त करणारी, गाड्या दुरुस्त करणारी, गोदीत ओझी उचलणारी झाली असतील, त्यांनी काय आठवले? आपल्या हिशेबाप्रमाणे तीस वर्षांत सुमारे १२ हजार मुले हाताखालून गेली, असे मॅकोर्ट लिहितात. त्यांपैकी लिहिणारे किती? शिक्षकाविषयीची कृतज्ञता आपल्याला ऐकू येते ती ज्यांना शब्द लाभले त्यांच्याकडून. ते शब्द शिक्षकानेच दिलेले असतात. ज्यांना ते देता आले नाहीत, त्यांची साक्ष सभेत होत नाही.

आता माझ्या न लागलेल्या झोपेविषयी.

ज्या आठवड्यात सरांनी माझ्या चिठ्ठीवर 'गुड' लिहिले, त्याच आठवड्यात माझ्या मागच्या बाकावरच्या मुलानेही एक चिठ्ठी आणली होती. तो समुद्रकाठच्या पाड्यावरचा. आठवडाभर आला नव्हता. बोटी लागल्या होत्या आणि मासळी सुकवायला घरात हात कमी होते. त्याने चिठ्ठीत तेच लिहिले. कारण खरे होते, सही खोटी. इंग्रजी मात्र असे होते की पहिल्या ओळीतच क्रियापद कर्त्याच्या अंगावर पडले होते. सरांनी ती चिठ्ठी वर्गासमोर मोठ्याने वाचली. वर्ग हसला, मीही हसलो. मग सही कोणाची म्हणून विचारले. तो गप्प राहिला. सरांनी त्याला दोन्ही हातांवर छड्या दिल्या आणि बापाला घेऊन ये म्हणाले. बाप आला नाही. काही दिवसांनी मुलगाही येईनासा झाला. नववी त्याने पुरी केली नाही.

माझी चिठ्ठी दोन्ही अर्थांनी खोटी होती. त्याची अर्धी खरी होती. मला क्षमा मिळाली ती कशाबद्दल? पन्नास वर्षांनी शांतपणे विचार केला तर उत्तर एकच मिळते: माझे वाक्य सरळ होते. सरांनी माझ्या खोटेपणात गुण पाहिला आणि गुणाला माफ केले. त्याच्यापाशी माफ करावे असे त्यांना काही दिसले नाही. मग त्याला दया म्हणावे काय? द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पुरा रोज देतो. त्यावर कुरकुर करतात ते दिवसभर राबलेले. मी तर दिवसभर सावलीत बसून पुरा रोज घेतला होता, आणि कुरकुर करायची ती त्याने कधी केली नाही.

मी सरांच्या बाजूने विचार करून पाहिला. कदाचित तो महिनोन्महिने अनियमित असेल आणि सरांचा धीर सुटला असेल. कदाचित मुख्याध्यापकांनी खोट्या सह्यांविषयी त्याच दिवशी ताकीद दिली असेल. त्या काळी छडी कोण देत नव्हते? असे एकेक कारण मनात मांडत गेलो आणि थबकलो. मी पुन्हा एक चिठ्ठी लिहीत होतो. या वेळी सरांसाठी, आणि खाली सही त्यांची करीत होतो.

मृताविषयी वाईट बोलू नये अशी आपल्याकडे रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर आरोप करणे भ्याडपणाचे असते. हा लेख सरांचे कुटुंबीय वाचतील याची मला जाणीव आहे. त्यांची मी क्षमा मागतो. परंतु त्या सायंकाळचा क्रम पाहावा. सहा वाजता आम्ही चर्चमध्ये गुडघे टेकले आणि सरांच्या अपराधांची देवाने त्यांना क्षमा करावी अशी प्रार्थना केली. मृतांसाठी आपण मिस्साबलिदान अर्पण करतो ते ते निर्दोष होते म्हणून नव्हे. तेही तुमच्याआमच्यासारखे होते म्हणून. आणि सात वाजता, पन्नास पावलांवरच्या सभागृहात, त्याच आम्ही एकामागून एक उभे राहून त्यांना क्षमेची गरजच नव्हती असे सिद्ध करू लागलो. दोहोंपैकी सरांवर अधिक प्रेम कोठे झाले, याचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. आज देता येते. वेदीपुढे आम्ही सगळे सर देवाच्या हवाली केले होते. सभागृहात आम्ही त्यांतले आम्हाला सोयीचे तेवढे निवडून घेतले.

कोणी म्हणेल की स्मरणसभेला असे हिशेब कोण मांडतो, प्रेमाने आठवावे आणि पुढे चालावे. हे म्हणणे मी हलके मानत नाही. प्रेमाने आठवणारी माणसे नसती तर त्या २९ वर्षांचे काहीच उरले नसते. पण मॅकोर्टनी भिंतीवर आपटला गेलेला मुलगा आपल्या पुस्तकातून गाळला असता, तर आदामाच्या चिठ्ठीची गोष्ट निव्वळ एक गंमत राहिली असती. ती गोष्ट मला त्या मुलासकट हवी. सरांचा 'मान वर करून म्हण' हाही मला त्या खाली गेलेल्या मानेसकट आठवला पाहिजे. नाही तर ते दोन शब्द मी सरांकडून शिकलो असे म्हणण्याचा मला हक्क राहत नाही. सर जिवंत असताना मी हे त्यांच्यापाशी बोलू शकलो असतो. चाळीस वर्षे त्यांच्या घरी नाताळचा फराळ घेऊन जात होतो. बोललो नाही. सिनेमाचे आणि सहीचे पाप मी त्याच वर्षी पापनिवेदनात सांगून मोकळा झालो होतो. हसण्याचे सांगायचे असते हे तेव्हा मला कळले नव्हते.

तो त्या सायंकाळी मिस्साला आला होता. शेवटच्या बाकाच्या टोकाला उभा असलेला मी त्याला पाहिला होता. केस पिकले आहेत, पण खांदे अजून रुंद आहेत. मुलगे बोट चालवतात असे ऐकून होतो. आपल्याला छडी देणाऱ्याच्या मिस्साला पाड्यावरून एवढ्या पावसात तो का आला, हे मी विचारले नाही. सभागृहात तो आला नाही. मी माझी गोष्ट सांगायला उभा राहिलो तेव्हा तो आत नाही याची मी आधी खात्री करून घेतली होती, हेही इथे लिहून ठेवतो.

सभा संपवून बाहेर पडलो तर तो शाळेच्या फाटकापाशी वळचणीखाली उभा.

"आत काय बोललास रे?" त्याने विचारले. "कर्णा बाहेर लावलाच नव्हता."

"काही विशेष नाही," मी म्हणालो. "जुन्या गमती."

"हसू मात्र ऐकू येत होतं," तो म्हणाला.

मी छत्री आणली नव्हती. त्याने आपली उघडली, अर्धी माझ्यावर धरली, आणि आम्ही रिक्षा मिळते तिथपर्यंत चालत गेलो.